काळ्या शाईची जागा

आमच्या शेडमध्ये लाल शाईला एकच काम होतं. जे पॅलेट नापास झालं, त्याच्यावर ब्रशने लाल फुली मारायची आणि ते भिंतीला टेकवून ठेवायचं. काळी शाई पास झालेल्याची. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, आणि एवढं शिकायला बी.एस्सी. कशाला करायला हवी होती, असं म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. नाक मुरडणं हा माझा जुना रोग आहे.

ही गोष्ट नांदेडच्या एमआयडीसीतली. पत्र्याची लांब शेड, एका टोकाला लाकूड कापायचा आरा, मध्ये खिळे ठोकणाऱ्यांची टेबलं, दुसऱ्या टोकाला भट्टी. जहाजातून परदेशी जाणारा माल ज्या लाकडी चौकटीवर रचतात, ती चौकट म्हणजे पॅलेट. फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी हात तिच्या खालून शिरतात आणि वरच्या मालासकट तिला उचलतात. आमची पॅलेटं ट्रकने लातूरच्या एका कारखान्यात जायची, तिथे त्यांच्यावर यंत्रांचे सुटे भाग चढायचे आणि ती पुढे बंदराकडे निघायची. परदेशात लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ते आधी तापवावं लागतं. लाकडाच्या अगदी गाभ्यात छप्पन अंश, सलग अर्धा तास. ते मोजायला आणि लिहून ठेवायला मला घेतलं होतं. तापवून झालं की पॅलेटवर शिक्का बसायचा, आणि तो शिक्का मारायचा मान शेडमधल्या सगळ्यात जुन्या माणसाचा, मिस्त्रीचाचांचा.

चाचा नांदेडच्या जुन्या वस्तीतले. तीन पिढ्या सुतारकाम. तरुणपणी हदगावकडे बैलगाड्या केल्या, मग दारं-खिडक्या, मग गाड्या संपल्या, दारं लोखंडाची झाली आणि ते पॅलेटकडे आले. सगळी शेड त्यांना चाचा म्हणायची, मालकसुद्धा. मी शेडमधली एकटी बाई, नायगावची, खोली भाड्याने घेऊन राहिलेली. मला ते बेटी म्हणायचे, पण ते बऱ्याच उशिरा. पहिले दोन महिने ते मला कुठल्याच नावाने हाक मारायचे नाहीत.

मालकाने मला एक झेरॉक्स केलेली पुस्तिका दिली होती. तीत पॅलेटच्या प्रत्येक भागाचं नाव होतं. मी दोन संध्याकाळी ती पाठ केली. आडवे जाड दांडे ते स्ट्रिंगर, त्यांच्यावरच्या फळ्या डेकबोर्ड, कडेची पहिली फळी लीडबोर्ड, दांड्यांऐवजी ठोकळे असतील तर ब्लॉक पॅलेट. तिसऱ्या दिवशी चाचांच्या समोर उभी राहून मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग ढिगातली एक फळी उचलून माझ्या हातात दिली.

"ही कोनती?"

"डेकबोर्ड."

"त्या तर समद्याच हायेत. ही कोनती हाय?"

मी फळी उलटीपालटी करून पाहिली. मला ती फळी दिसत होती, बाकी काही नाही.

"ही रुसलेली हाय," ते म्हणाले. "एक कोपरा वर करून बसली. हिला ठोकलं तर आज गप बसंल, लातूरपत्तुर जाता जाता खिळा उपसून काढंल."

त्या दिवसापासून माझी खरी शिकवणी सुरू झाली. पुस्तिकेत होते त्याच्या तिप्पट शब्द शेडमध्ये होते आणि ते कुठेच लिहिलेले नव्हते. गाठ दोन प्रकारची, जिती आणि मेली. जिती गाठ लाकडाला धरून असते, तिला काही होत नाही. मेली गाठ सुकून सुटते आणि फळीला भोक पडतं. लीडबोर्डला ते 'मारखाऊ' म्हणायचे, कारण फोर्कलिफ्टचा पहिला धक्का तीच खाते. ज्या पॅलेटमध्ये दोनच बाजूंनी हात शिरतो ते दुतर्फा, चारही बाजूंनी शिरतो ते चौतर्फा. फळीच्या कडेला राहिलेली साल सगळ्यात वाईट, कारण कीड सालीखाली लपते. साल दिसली की फळी बाद.

त्यांची शिकवायची पद्धत अजब होती. "डोळं मीट," म्हणायचे. मग हातात फळी ठेवायचे आणि बोटं फिरवायला लावायचे. सालीची कड बोटाला जराशी मऊ लागते, मेल्या गाठीभोवती केसाएवढी फट लागते, रुसलेली फळी तळहातावर डुगडुगते. मला पहिल्यांदा याचा राग आला. देवाने दोन डोळे दिलेत, शेडमध्ये ट्यूबलाइट आहेत, मग हा आंधळ्या कोशिंबिरीचा खेळ कशाला? पण दोन महिन्यांत मला साल बोटाने कळायला लागली, आणि डोळ्यांनी तपासणाऱ्यांच्या हातून सुटलेल्या फळ्या मी ढिगातून ओढून काढायला लागले. तेव्हा ते मला पहिल्यांदा बेटी म्हणाले. मी खोलीवर जाऊन वडिलांना फोन करून हे सांगितलं, इतका मला आनंद झाला होता.

मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. शिक्क्यावर इंग्रजी अक्षरं असतात. त्यातली एच आणि टी ही दोन म्हणजे लाकूड तापवलं आहे याची खूण. चाचांना वाचता येत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी लाकडी शिक्क्यावरची कोरलेली अक्षरं अंगठ्याने चाचपली. "दोन दांडे आन मधी एक फळी," ते एचबद्दल म्हणाले. टीबद्दल म्हणाले, "एक दांडा, डोक्यावर फळी." इतकी वर्षं शिक्का मारला, पन आपुन काय मारून राहिलो ते आज कळलं, असंही म्हणाले.

डोळे मिटायला ते का लावतात, हे मला पावसाळ्यात कळलं. मी समोर उभी होते आणि ते माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून विचारत होते, बेटी कुठं गेली. मग माझं लक्ष जायला लागलं. ते टेबलाच्या कडेला हात लावत लावत चालायचे. खिळ्यांचा डबा न बघता उचलायचे, आणि कुणी तो वीतभर जरी सरकवला तरी त्यांचा हात हवेत राहायचा. सगळी शेड त्यांनी हाताने पाठ केलेली होती. शिक्का खिळ्याला टांगलेला, त्याच्याशेजारी तीन फळ्यांची मांडणी, मधल्या फळीवर उजव्या कोपऱ्यात काळी शाई, सगळ्यात खालच्या फळीवर लाल. दोन्ही डबे एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे, वाससुद्धा एकच.

मी विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. समोरचं धुरकट दिसतं, कडेचं काहीच नाही, असं म्हणाले. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टर म्हनंल काम सोड. काम सोडून बसलो की मानूस संपला. हात हायेत ना माझे? हात चुकत न्हाईत तवर काम." मग मला शपथ घातली की मालकाला सांगायचं नाही. मी मान डोलावली आणि मग लक्षात आलं की मान डोलावलेली त्यांना दिसणार नाही, म्हणून तोंडाने हो म्हटलं. तेव्हा मला आपण फार मोठं विश्वासाचं काम करतोय असं वाटलं. आता वाटतं, हाताला धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं.

आता माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील तहसीलमध्ये शिपाई होते. आजोबांच्या पिढीला अक्षर मिळालं नव्हतं, वडिलांना मिळालं, आणि ते त्यांनी कधी हातचं सोडलं नाही. फायलींवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम ते इतक्या सुंदर अक्षरात करायचे की साहेब लोक ती फाइल दुसऱ्यांना दाखवायचे. आमच्या स्वयंपाकघरात तूर, मूग, मीठ, साखर, प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी. बरणी काचेची असली आणि आतलं मीठ दिसत असलं तरी वर 'मीठ' लिहिलेलं. आई चेष्टा करायची. मला मात्र चिठ्ठी नसलेला डबा अजूनही उघडा पडल्यासारखा वाटतो.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असायची. आरा, कॉम्प्रेसर, हातोड्या, भट्टीचं दार, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि कुंकू. आऱ्याला तेल लावून चकाचक चाचाच करायचे आणि पहिली माळही तेच घालायचे. त्या वर्षीही घातली, पेढा खाल्ला आणि दुपारी घरी गेले. बाकीचेही पांगले. मला संध्याकाळच्या गाडीने नायगावला जायचं होतं, दसऱ्याला आमच्याकडे विहारात कार्यक्रम असतो. दोन-तीन तास हाताशी होते. मालक म्हणाले, जरा झाडझूड करून घे.

मी झाडझूड केली आणि तेवढ्यावर थांबले नाही. मांडणीवरची धूळ पुसली, जुने चिंध्यांचे बोळे फेकले, आणि मग सगळं नीट लावायला घेतलं. लाल शाई खिळे ठोकणाऱ्यांना दिवसभर लागते आणि ते बिचारे दर वेळी वाकतात, म्हणून ती मी मधल्या फळीवर उजव्या कोपऱ्यात ठेवली. काळी शाई वरच्या फळीवर, शिक्क्याच्या जवळ. मग पुठ्ठ्याचे तुकडे कापून वडिलांसारख्या अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. 'पास – काळी.' 'बाद – लाल.' चिकटवल्या, दोन पावलं मागे जाऊन पाहिल्या आणि स्वतःवर खूश झाले. चाचा माझ्या मनातही आले नाहीत. रोज ज्यांच्या हाताखाली डोळे मिटून शिकले, त्यांचे डोळे मी एका दुपारी साफ विसरले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नायगावहून येणारी माझी गाडी रस्त्यात बंद पडली. मी शेडमध्ये पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. अर्धे लोक गावाहून परतलेच नव्हते. दारातूनच मला रचून ठेवलेली पॅलेटं दिसली, लातूरच्या ट्रकमध्ये चढायला तयार, आणि प्रत्येकावर शिक्का. लाल.

शिक्का लाल चालत नाही. लाल आणि नारिंगी रंग धोक्याच्या मालासाठी राखलेले असतात, तसा नियमच आहे. चाचांनी सकाळी लवकर येऊन एकट्याने सगळी रास शिक्के मारून संपवली होती. खिळे ठोकणाऱ्या दोघांनी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं, दसरा आहे, आऱ्याला कुंकू, भट्टीला कुंकू, तसं यंदा शिक्काही लाल. चांगलं दिसतं, असंसुद्धा त्यातला एक म्हणाला होता. सणाच्या दुसऱ्या दिवशी लाकडावर लाल रंग बघून आमच्या भागात कुणाला वाईट वाटणार?

मालकांना ट्रकवाल्याने सांगितलं. ते तसे ओरडणारे गृहस्थ नव्हेत. पण लातूरला माल त्याच दिवशी पोचवायचा शब्द दिलेला होता, आणि आता एकेक शिक्का घासून काढून पुन्हा मारावा लागणार होता. ते चाचांच्या समोर जाऊन ओरडले, "डोळे गेले का तुमचे, चाचा?"

लोक रागात म्हणतात तसं ते म्हणाले होते. चाचांनी टेबलाच्या कडेवर हात टेकवला. मग म्हणाले, "हाव. गेले."

मालकांचा चेहरा एकदम उतरला. चाचा पुढे म्हणाले, "डोळ्याचं काय न्हाई, मालक. वरीस झालं त्याला. हात चुकला माझा आज. काळी घ्यायला गेलो आन खालची लाल हाती आली."

मी खांद्याला पिशवी लावून तिथे उभी होते. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. डबे मी हलवले होते. एवढेच चार. ते माझ्या तोंडून आले नाहीत. मी स्वतःला सांगितलं, आत्ता गोंधळ आहे, नंतर सांगू. मग सगळे शिक्के घासायला गेले आणि मांडणीजवळ मी एकटी राहिले. माझ्या चिठ्ठ्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्या फाडल्या, पिशवीत कोंबल्या, आणि दोन्ही डबे त्यांच्या जुन्या जागी ठेवून दिले. काळी मधे उजव्या कोपऱ्यात, लाल सगळ्यात खाली. चूक दुरुस्त करतेय, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं म्हणजे मी पुरावा नाहीसा करत होते. भित्रेपणा करताना माणसाची बुद्धी फार चांगली चालते, निदान माझी तरी.

संध्याकाळी घरी निघताना चाचा मांडणीपाशी गेले. त्यांनी मधल्या फळीवर हात नेला. उजव्या कोपऱ्यातला डबा उचलला, उघडला, बोट बुडवलं आणि ते बोट अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. काळी होती. डबा जिथे असायचा तिथेच होता. त्यांनी झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि बोट पायजम्याला पुसलं. मी भट्टीच्या दाराशी उभं राहून हे सगळं बघितलं आणि तेव्हाही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून काम सोडलं. मालक राहा म्हणाले, बसून नुसत्या फळ्या निवडा म्हणाले. चाचा म्हणाले, "ज्या हाताला आपला डबा घावत न्हाई, त्या हातानं आऱ्यापाशी जाऊ नये. कुनाची बोटं जातील." मालकांनीच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.

शिक्का माझ्या हातात आला. मान होता तो, आणि मी तो रोज चोरल्यासारखा वापरला. हिवाळा गेला. मी मालकांच्या मागे लागून शाईचा शिक्काच बंद करायला लावला. आता लोखंडी शिक्का तापवून लाकडावर डाग देतात. त्यात रंगाचा प्रश्नच येत नाही, आणि डागलेली अक्षरं बोटाला लागतात. पहिला डाग मी एका वीतभर फळीवर दिला, ती फळी कापडात गुंडाळली आणि एका रविवारी चाचांच्या घरी गेले. दसऱ्यानंतर सात महिन्यांनी.

उन्हाळा चांगलाच तापला होता. चाचा ओसरीवर बाजेवर बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांना खूप आनंद झाला, आणि तो बघून मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. त्यांच्या सुनेने पाणी आणलं, मग खरबूज, ताट आणि सुरी आणली आणि समोर बसून चिरायला घेतलं. मी म्हटलं, चाचा चिरतील की, त्यांच्याइतक्या एकसारख्या फोडी कोण करणार. सून म्हणाली, "न्हाई ताई, अब्बा सुरीला हात लावत न्हाईत. दसऱ्यापासून. भाकरीसुदिक मोडून द्यावी लागती. हाताचा भरवसा न्हाई म्हनतात."

मी फळी त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा डागावरून फिरला. "दोन दांडे, मधी फळी," ते म्हणाले आणि हसले. "एक दांडा, डोक्यावर फळी. लई चांगलं केलं, बेटी."

तेव्हा मी सांगितलं. मधे थांबले असते तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. खंडेनवमीची दुपार, डबे, चिठ्ठ्या, आणि नंतर सगळं गुपचूप जागेवर ठेवणं. सुनेचा हात खरबुजावर थांबला. चाचांनी फळी मांडीवर ठेवली.

"लाल कुठं ठिवली व्हती तू?"

"मधल्या फळीवर."

"कोनत्या अंगाला?"

"उजव्या कोपऱ्यात. काळीच्या जागी."

त्यांनी उजवा हात समोर धरला आणि डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून चाचपली.

"म्हंजी हात बराबर गेला व्हता," ते म्हणाले.

"हो चाचा. हात चुकला नव्हता."

"सात म्हैने, बेटी." त्यांचा आवाज चढला नाही, पण एवढ्या थंड आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "सात म्हैने मी या हाताला शिव्या देऊन राहिलो."

मला माफ करा, असं मी म्हटलं. अजूनही त्यांनी माफ केलं असं म्हटलेलं नाही आणि मीही पुन्हा विचारलेलं नाही. त्यांनी सुनेकडे हात केला आणि सुरी मागितली. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. तिने सुरीची मूठ त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी खरबुजावर बोटं फिरवून देठ शोधला, त्यावरच्या रेघा मोजल्या, आणि रेघेरेघेने सुरी चालवली. फोडी सगळ्या सारख्या पडल्या. मग त्यांनी पहिली फोड उचलून माझ्यासाठी पुढे धरली. माफी मागताना मी जिथे उभी होते त्या बाजूला धरली, पण सुरी दिली तेव्हा मी सुनेजवळ सरकले होते, आता तिथे कुणी नव्हतं. मी आवाज केला नाही. सरकत सरकत त्यांच्या हातासमोर जाऊन बसले आणि फोड घेतली.